उंबऱ्याआतली पावलं

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मुल्लाभाई समोरून आले आणि मला ओलांडून सरळ निघून गेले. दोन वर्षं एका दवाखान्यात माझ्यासोबत काम केलेला माणूस! मी हाक मारली तेव्हा थांबले, वळले, आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि वर मलाच झापलं.

"नवी चप्पल घेतलीसा व्हय बाई? आदी सांगायचं तरी. वळखायचं कसं मानसानं?"

"मला चेहरा आहे की," मी म्हटलं.

"आसंल की. त्येच्याकडं बघायला दुसरी मानसं हाईत."

त्यांनी माझ्या पिशवीतली निम्मी भाजी आपल्या सायकलीला अडकवली आणि मला स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले, की नव्या चपलेचा डावा अंगठा चावणार आहे, दोन दिवस तेल लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला फोड आला.

आता माझी नात मनगटावर पावलं मोजणारी काळी पट्टी बांधून फिरते. जेवण झालं की पट्टीकडे बघते आणि "आज्जी, आज आठ हजार झाली," असं सांगते. तिला मी एकदा विचारलं, अंघोळीला जाताना पट्टी काढतेस, तेव्हाची पावलं कोण मोजतं? ती हसली. म्हणाली, त्यानं काय फरक पडतो? फरक किती पडतो ते मला माहीत होतं, पण ते सांगायचं तर मुल्लाभाईंपासून सुरुवात करायला हवी होती आणि तिला क्लासला जायचं होतं.

गोष्ट सत्तर सालानंतरची. मी मूळची मिरजेची, मुंबईहून फिजिओथेरपी शिकून कोल्हापुरात एका हाडांच्या डॉक्टरांकडे नोकरीला लागले. फिजिओथेरपिस्ट हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे, म्हणून पेशंट मला व्यायामबाई म्हणत. दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे दस्तगीर मुल्ला बसत. पोलिओ झालेल्या मुलांचे बूट, पट्टे, पायाला आधार द्यायच्या लोखंडी पट्ट्या, सगळं ते एकटे करत. राहायला उचगावात. तिथून सायकल मारत साडेआठाला हजर. खाकी सदरा, लेंगा, कधीकाळी पांढरी असलेली टोपी आणि एका कानाला दोऱ्यानं बांधलेला चष्मा. सदऱ्याच्या खिशात कायम मूठभर चिंचोके. मला बरेच दिवस वाटायचं, हे भाजून खात असतील.

पहिल्याच आठवड्यात माझी चांगली जिरली. एका माणसाला मी दोन दांड्यांमधून चालवत होते. कोन मोजायची पट्टी, टेप, वही, असा माझा सगळा थाट. मुल्लाभाई आमच्याकडे पाठ करून बुटाला टाका घालत बसलेले. मी वहीत 'डाव्या गुडघ्यात दोष' असं लिहीत होते, तेवढ्यात मागे न बघता ते म्हणाले, "गुडघा न्हाय बाई, खुबा. पाय उचलताना उशीर करतोय, टेकताना न्हाय." मला राग आला. पाठमोऱ्या माणसानं मला शिकवावं? संध्याकाळी डॉक्टरांनी एक्स-रे फोटो काढला. खुबाच होता.

मुल्लाभाईंचे वडील टांग्याच्या घोड्यांचा साज शिवत. घोडं लंगडत असलं तर कुठल्या पायानं, ते डोळे मिटून टापांवरून ओळखायचं, हे शिक्षण मुल्लाभाईंना मिसरूड फुटायच्या आत मिळालं होतं. पुढे गावात रिक्षा आल्या, टांगे बसले, आणि हा माणूस माणसांच्या पायांकडे आला. "घोडं बरं," ते म्हणायचे. "लंगडतंय तर लंगडतंय. मानूस डाक्टरम्होरं येगळं चालतंय, बायकूम्होरं येगळं."

चिंचोक्यांचा उलगडाही मग झाला. पेशंट शंभर पावलं चालला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जाई. गप्पा मारता मारता, टाके घालता घालता. मी दोनदा लपून मोजून पाहिलं. एकदा माझं चुकलं होतं.

शिरोलीच्या कारखान्यातला एक गडी पाय दुखावला म्हणून महिनाभर यायचा. दर वेळी कण्हत कण्हत, भिंत धरून. एकदा तो बाहेर पडत असताना मुल्लाभाई त्याच्याजवळ गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पावनं, लंगडायचं आसंल तर येकाच पायानं लंगडा. गेल्या बुदवारी उजवा हुता." गडी पांढराफटक पडला. मुल्लाभाईंनी डॉक्टरांना यातलं काही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्येच्या घरात कायतरी आसंल बाई. सुट्टी कुनी हौसंनं घेतंय व्हय?" त्या गड्याची बायको बाळंतपणात आजारी होती, ते मागाहून कळलं. तो पुढच्या आठवड्यात आपण होऊन कामावर गेला.

डॉक्टरांची अडचण निराळी होती. पेशंट घरी गेल्यावर किती चालतो, हे त्यांना कळत नसे. "रोज किती चालता?" असं विचारलं, की आमच्याकडचा माणूस आपल्या पायांचा विचार करत नाही, समोरच्याच्या चेहऱ्याचा करतो. डॉक्टर रागात दिसले तर "आजाबात न्हाय," आणि खुशीत दिसले तर "जोतिबाला जाऊन आलो की!" डॉक्टर वैतागून एकदा म्हणाले, "मुल्ला, तुझ्या कानासारखं काहीतरी यांच्या पायाला बांधून देता येईल का?"

डॉक्टर चेष्टेनं बोलले होते, पण मुल्लाभाईंनी ते कामाचं धरलं. सायकलच्या चाकाला लावायचा, मैल मोजणारा छोटा मीटर त्यांनी भंगारातून आणला. चपलेच्या टाचेत पितळेची पातळ पट्टी बसवली. तिच्यापासून ब्रेकची बारीक तार घोट्यापर्यंत नेली आणि घोट्यावर चामड्याच्या पाकिटात मीटर. टाच टेकली की पट्टी दबायची, तार ओढली जायची, आणि आकडा एकानं पुढे सरकायचा. टक् असा आवाज यायचा. पोलिओची पोरं त्या आवाजासाठी चालायला लागली, एरवी दांडीला हात लावायला मागत नसत ती. लोक त्याला 'मुल्लाचं घड्याळ' म्हणू लागले.

कर्णोपकर्णी ही गोष्ट शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या मॅनेजरपर्यंत गेली. त्यांना दहा घड्याळं हवी होती, कोणता कामगार किती हिंडतो आणि किती उभा राहतो ते बघायला. मुल्लाभाई एकच घेऊन गेले. एका कामगाराच्या बुटात बसवलं, दिवसभर त्याच्या मागे हिंडले आणि संध्याकाळी मॅनेजरला म्हणाले, "सायेब, ह्यो मानूस निम्मा दीस वाळूच्या ढिगाकडं आन् पान्याच्या माठाकडं जातोय. ढीग हलवा आन् माठ हलवा. मानूस हाय तितं ऱ्हाऊ द्या." मॅनेजरनी ढीग हलवला. दहा घड्याळांचं पुन्हा नाव काढलं नाही. मुल्लाभाई परत आले ते टोपी जरा तिरकी करूनच. त्या महिन्यात त्यांच्याशी बोलणं अवघड झालं होतं. कुणी काही सांगितलं, की "थांबा, पायाला इच्यारतो," असं म्हणायचे.

आणि मग हौसाक्का आल्या.

हौसाक्का उचगावच्याच, मुल्लाभाईंच्या घरासमोर राहायच्या. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा शिरोलीच्या कारखान्यात पाळीवर, सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी. घरात चार म्हशी. पावसात गोठ्याच्या तोंडाशी पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळी घालून जोडलं. मुल्लाभाई तीन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ह्या बाईच्या हातचा च्या पिल्याबिगर मी घरात पाय टाकल्याला न्हाय, इस वर्सं झाली."

हे खरंच होतं. रोज संध्याकाळी सायकल टेकवून ते हौसाक्कांच्या दारातल्या कट्ट्यावर बसत. हौसाक्का आतून चहा आणत, उंबऱ्यात उभ्या राहून दूध डेअरीची, म्हशींची, मुलाची हकीकत सांगत. मुल्लाभाई बशीत ओतून पीत, "बराय आक्का," म्हणत आणि समोर आपल्या घरी जात. ते कट्ट्यावरच बसत. आत जायची रीत नव्हती आणि त्याबद्दल दोघं कधी बोललेही नव्हते.

घरी सोडताना डॉक्टरांनी हौसाक्कांना बजावून सांगितलं. तीन महिने जपायचं. काठी घेऊन दिवसाला दोनशे, फार तर अडीचशे पावलं. जास्त भार पडला आणि सळी हलली, तर पाय आखूड होईल आणि जन्माचं लंगडेपण येईल. हौसाक्कांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी मुल्लाभाईंकडे पाहिलं.

"घालतो की घड्याळ," मुल्लाभाई म्हणाले. "आक्का माज्या कानाम्होरं ऱ्हाती. फसवनार कशी?"

दर आठ दिवसांनी मुल्लाभाई आकडे घेऊन यायचे. दिवसाला दीडशे. एकशेवीस. कधी ऐंशीच. डॉक्टर खूश. मुल्लाभाई तर काय विचारूच नका. येईल त्या पेशंटला हौसाक्कांचं उदाहरण द्यायचे. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी आकडे पाहून कपाळाला आठी घातली. म्हणाले, हे आता फारच कमी आहे, हाड भरायला थोडा भार हवा. रोज पारापर्यंत जाऊन परत यायला सांगा. मी तो निरोप कागदावर लिहिला, मुल्लाभाईंनी तो पोचवला आणि हौसाक्का पारापर्यंत जायला लागल्या.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांना बैलगाडीत निजवून आणलं. फोटो काढला. सळी हलली होती.

डॉक्टर फार चिडले. "आक्का, खरं सांगा, पडलात ना कुठं?"

"न्हाय."

"मग काय केलंत? दोनशे पावलांनी सळी हलत नसते."

हौसाक्कांचे डोळे दुखण्यानं भरून आले होते, पण आवाज तसाच खणखणीत. "तुमी सांगितलासा तेवढंच चाललो की मी! ह्यो तुमचा मानूस, हेचं यंतर. इच्यारा हेला. पारापातूर चला म्हनलासा, चाललो. आता मला का धारंवर धरताय?"

मुल्लाभाई दाराशी उभे होते. सोमवारी पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं आणि तोवर अंथरुणातून उठायचं नाही अशी ताकीद देऊन डॉक्टरांनी हौसाक्कांना घरी पाठवलं. मला म्हणाले, रविवारी जाऊन या, ही बाई नक्की काय करते ते बघा.

रविवारी सकाळी मी उचगावला गेले. मुल्लाभाई माझ्या आधीच हौसाक्कांच्या कट्ट्यावर येऊन बसले होते, दाराकडे पाठ करून, डोळे मिटून. मी बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. मी शेजारी बसले.

उंबऱ्याच्या बाहेर हौसाक्कांच्या चपला होत्या. जोडीला तारेसकट ते घड्याळ, नीट गुंडाळलेलं, त्यावर धुतलेला फडका टाकलेला. शेणात खराब होऊ नये म्हणून. आणि आत हौसाक्का अनवाणी हिंडत होत्या. अंथरुणात पडून राहायचं कुठलं? काठी टेकत चुलीपाशी, चुलीकडून रांजणाकडे, रांजणाकडून मागच्या दारानं गोठ्यात, गोठ्यातून वैरणीच्या खोलीत. धारा, शेण, पाणी, भाकरी. मी ओरडणारच होते, पण मुल्लाभाईंचा हात अजून वरच होता. दुसऱ्या हातानं ते एकेक चिंचोका एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत होते. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पायाचा आवाज तो काय येणार? मला तर येत नव्हता. त्यांना येत होता.

मग मलाच राहवलं नाही. मी आत गेले आणि हौसाक्कांना दंड धरून अंथरुणावर बसवलं. "म्हशीला कळतंय व्हय सळी हालल्याली?" त्या म्हणाल्या. बाहेर आले तेव्हा मुल्लाभाईंनी डोळे उघडले होते. त्यांनी डाव्या खिशातले चिंचोके काढून कट्ट्यावर मांडले. नऊ होते. अजून सकाळची न्याहारीसुद्धा झाली नव्हती. मग त्यांनी फडका बाजूला करून घड्याळ पाहिलं. कालच्या आकड्यात एकाचीही भर नव्हती.

"मी चप्पल मोजत हुतो, बाई," ते म्हणाले. "आक्का आत हुती."

कारखान्यातला माणूस बूट घालून कामाला लागतो आणि घरी जाताना काढतो. घरातली बाई चप्पल काढून कामाला लागते. हे काय कुणाला सांगावं लागतं? मी रोज घरी गेल्यावर दारात चपला काढत होते. डॉक्टर काढत होते. मुल्लाभाई काढत होते. आणि आम्हा तीन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की उंबऱ्याआत जी हजार हजार पावलं पडतात ती त्या घड्याळात येतच नाहीत. आम्ही आकडा कमी बघून तिला वरून आणखी चालायला लावलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

मुल्लाभाईंनी सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. "चूक यंतराची न्हाय, आक्काची न्हाय. माजी." डॉक्टर मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "चालायला मी सांगितलं, मुल्ला. तू एकट्यानं घेऊ नकोस." पण मुल्लाभाईंनी ते एकट्यानंच घेतलं. चपलेतली पट्टी काढून टाकली आणि नुसत्या घोट्यावर बांधायचं, आत लोंबता खटका असलेलं नवं घड्याळ केलं. बायकांच्या वाळ्यासारखं, अनवाणी चाललं तरी मोजणारं. ते उत्तम चालायचं. पण ते दाखवताना मुल्लाभाईंची टोपी पुन्हा कधी तिरकी झाली नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर सून बाळाला घेऊन लवकर परत आली, मुलानं दोन म्हशी विकल्या आणि हौसाक्का सहा महिने खरोखरच अंथरुणात राहिल्या. हाड जुळलं. पाय मात्र सव्वा इंचानं आखूड झाला.

त्यानंतर मुल्लाभाई रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसत, पण चहा घेत नसत. हौसाक्का भिंत धरत, एका अंगाला झुकत उंबऱ्यापर्यंत येत. "च्या टाकू?" "आत्ताच झाला, आक्का." रोज हेच. एकदा मी त्यांना खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "कुठल्या तोंडानं पिऊ? भित्त धरून आनलेला च्या माज्या नरड्याखाली जायाचा न्हाय. सरळ चालत आनंल तवा पिईन. आक्काला सांगू नगा मातर." हौसाक्कांना हे केव्हाच कळलेलं होतं. त्याच मला म्हणाल्या होत्या, "रुसलंय ते. माज्यावर न्हाय, सोतावर."

उंच टाचेची चामड्याची चप्पल त्यांनी महिन्यात करून दिली. ती घालून हौसाक्का गावातून अशा चालत, की ओळख नसलेल्या माणसाला काही कळलं नसतं. पण उंबऱ्याशी आल्या, की चप्पल दारात, आणि आत पुन्हा तेच भिंत धरणं. चुलीशेजारच्या भिंतीवर त्यांच्या तळव्याचा काळा पट्टा उमटला होता.

"आक्का, घरात बी घाला की ही," मुल्लाभाई एकदा म्हणाले.

हौसाक्का उसळल्याच. "चामडं पायात घालून चुलीम्होरं जाऊ? देवाम्होरं जाऊ? जल्म लंगडत काडीन, पर त्ये हुयाचं न्हाय!"

मुल्लाभाईंनी वाद घातला नाही. लाकडाच्या खडावा करून बघितल्या, त्या सारवणावर घसरत. रबराचं केलं, तर "पायतान ते पायतानच," म्हणून हौसाक्कांनी दारात ठेवलं. मी म्हटलं, सोडा आता, तुम्ही करायचं ते केलंत. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

एका संध्याकाळी मी तिथे असताना त्यांनी सहज विचारलं, "आक्का, पूजंला बसताना खाली काय घेता?"

"घोंगडं."

"त्येनं इटाळ हुतो?"

"लोकरीला कसला इटाळ? काय इच्यारताय ह्ये?"

मुल्लाभाई उठले, सायकल घेतली आणि निघाले. पट्टणकोडोलीच्या एका धनगराकडून घोंगडं आणलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून टाच केली, सव्वा इंचाची, पुढे निमुळती. वर घोंगड्याचे थर, पट्टे घोंगड्याचे, टाकेही लोकरीच्या दोऱ्याचे. खिळा नाही. चिकटवायला सरस हाताशी होता, पण सरस जनावराच्या कातड्याचा. बापापासून चामड्यात वाढलेल्या त्या माणसानं सरसाचं भांडं बाजूला सारलं, खिशातले चिंचोके काढून भाजले, कुटले, त्यांची खळ शिजवली आणि तिनं थर चिकटवले. आक्काला कळलं असतं का? नसतंच कळलं. मी तसं म्हटलंही. "मला कळंल की," ते म्हणाले.

पहिला जोड उंच झाला. दुसरा पाण्यानं फुगला. तिसऱ्याचा पट्टा बोटांना काचला. पायाचं माप घ्यायला ते पायाला हात लावत नसत. हौसाक्का ओल्या सारवणावर पाऊल उमटवून बाजूला होत आणि मुल्लाभाई वाकून त्या उमटलेल्या पावलाचं माप घेत. सगळ्याला पावणेदोन वर्षं लागली. तेवढ्यात माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडली. नाशिकला जायच्या चार दिवस आधी मुल्लाभाई घरी आले. लग्नाचा आहेर म्हणून त्यांनी माझ्यासाठी चप्पल आणली होती, माप न घेता केलेली आणि अगदी बरोबर बसणारी. जाताना म्हणाले, "उद्या सांजच्याला उचगावला येऊन जा बाई. चौथा जोड हाय."

मी गेले. जोड नव्या धुवट कापडात गुंडाळलेला होता. मुल्लाभाईंनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरून कट्ट्यावर बसले. हौसाक्कांनी कापड सोडलं. उचलून वास घेतला, उलटसुलट पाहिलं, टाके चाचपले. "सगळं लोकरीचंच हाय न्हवं?"

"लोकर, लाकूड आन् चिंचोक्याची खळ. दुसरं काय न्हाय," मुल्लाभाई म्हणाले. "आक्का, खोटं सांगनार न्हाय तुमाला."

हौसाक्कांनी देवळीतल्या तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. नृसिंहवाडीहून आणलेलं तीर्थ होतं ते. मग जोड पायात घातला आणि आत गेल्या. मुल्लाभाईंनी मान खाली घातली होती. डोळे मिटलेले नव्हते, नुसते जमिनीकडे होते. आत भांड्यांचा आवाज झाला, चूल फुंकल्याचा झाला. मला तो वेळ फार मोठा वाटला.

हौसाक्का चुलीकडून यायला निघाल्या तेव्हा मला आतलं सगळं दिसत होतं. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली कपबशी. भिंतीला हात नाही. खांदे एका पातळीत, पाठ ताठ. इतकी उंच बाई आहे ही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या. बशीत थेंबही सांडला नव्हता.

मुल्लाभाईंनी कट्ट्यावरून हात पुढे केला. हौसाक्का जागच्या हलल्या नाहीत.

"ह्ये घालून मी उंबऱ्याभायेर येनार न्हाय," त्या म्हणाल्या. "घरातलं हाय ह्ये, बाटंल. तुमीच आत या."

मुल्लाभाई बघतच राहिले. "आत?"

"मग? वीस वर्सं भायेरच बसवलं. आत बसला असता तर त्या वक्ताला दिसलं नसतं व्हय तुमाला, मी किती चालतो ते? तुमची येकट्याची चूक न्हवती, दस्तगीरदा. माजी बी हाय. या. च्या गार हुतोय."

मुल्लाभाई उठले. चपला काढून बाजूला ठेवल्या. टोपी सारखी केली, डोळे पुसले, पुन्हा पुसले आणि उंबरा ओलांडून आत गेले. मी बाहेरच थांबले. पुढे नाशिकच्या संसारात मी अडकले, कोल्हापूरला जाणं लांबत गेलं, आणि काही वर्षांनी ते गेल्याचं पत्रच आलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं आणि अनवाणी, हौसाक्कांनी अंथरलेल्या घोंगड्यावर चुलीपाशी बसताना. बशी हातात होती, पण ते पीत नव्हते, रडत होते, आणि हौसाक्का दुसऱ्या कपात चहा ओतता ओतता म्हणत होत्या, "प्या की आता! का त्यो बी मोजून पिनार?"